खानावळीवरचा बीम

आक्रा,
९ जून १९९६

ती. याव मामांस,
फ्रेमाचा सा. न. वि. वि.

हे पत्र ओतेंग ड्रायव्हरच्या हाती देते आहे. पोस्टाने पाठवलं तर पाऊस संपेपर्यंत तुम्हाला मिळायचं नाही, आणि तुमच्या पोस्टातला फोन नुसता खरखरतो. ओतेंगला आईच्या खानावळीत जेवू घाला, म्हणजे उत्तर आणायला विसरणार नाही.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीमागची एक चार मजली इमारत बसली. पडली म्हणवत नाही, कारण ती आडवी झालीच नाही. एकावर एक स्लॅब येऊन बसले, ताटांच्या चळतीसारखे. खालची दुकानं बंद होती. वर एक शिंपीण राहायची. आजीच्या वर्षाच्या कार्यासाठी माझं काळं-पांढरं कापड तिच्याकडेच शिवायला टाकलं होतं. तिला सोमवारी संध्याकाळी बाहेर काढलं, तेव्हा ती गेलेली होती. कापडाचं मी कोणाला विचारलं नाही.

आजूबाजूच्या इमारती तपासायला आमच्या प्रयोगशाळेला बोलावणं आलं. तेव्हापासून मी दिवसभर कॉंक्रीट ठोकत फिरते. खोलीवर आले तरी भिंतीला हात लावून बघते. घरमालकीण म्हणाली की एवढी माया असेल तर भिंतीशीच लग्न कर, निदान ती दारू तरी पिणार नाही.

पत्रास कारण असं, की आईने कळवलंय, आजीचं वर्षाचं कार्य तीन ऑगस्टला, शनिवारी, तुम्ही वरच्या स्लॅबवर करणार. सगळं गाव, चर्चची मंडळी, ढोलवाले, नाचणारे. मामा, त्या स्लॅबवर आजवर कोकोच्या बिया वाळल्या आणि आईची धुणी. माणसं कधी नाचलेली नाहीत. तुम्ही घर दर हंगामाला थोडंथोडं बांधलंत. एका वर्षी कॉलम, दुसऱ्या वर्षी बीम आणि स्लॅब, सिमेंटची पोती तुमच्या पलंगाखाली. वर अजून सळया उभ्या आहेत, पुढच्या मजल्याची वाट बघत. मी दोष काढत नाही. आपल्याकडे सगळे असंच बांधतात. पण ती शिंपीणही कुणाच्या तरी अशाच घरात राहत होती.

मला एकदा येऊन तपासू द्या. काही फोडायचं नाही, भोक पाडायचं नाही. हातोडी म्हणतात, पण दिसते नळीसारखी. आत स्प्रिंग असते. कॉंक्रीटवर दाबली की आतला दांडा आपटून मागे उसळतो. कॉंक्रीट कडक असेल तर जास्त उसळतो, कच्चं असेल तर कमी. एवढंच.

लोभ आहेच, उत्तरही असू द्या.
आपली भाची,
फ्रेमा


आबोमासू,
१४ जून १९९६

चि. फ्रेमास,
मामाचे अ. उ. आ.

ओतेंगनं पत्र दिलं, दोनदा सार मागून घेतलं, वर मांसाचा तुकडा लहान म्हणून कुरकुरला. तुझी आई म्हणाली, पत्रही पातळच आणलंयस.

शिंपिणीचं वाचून वाईट वाटलं. शहरात माणसं घाईनं बांधतात आणि बांधणारा पुन्हा तोंड दाखवत नाही. इथं मी स्वतः उभा होतो. वाळू नदीची, धुतलेली. खडी हातानं निवडलेली. गवंडी आतिंगा मास्टर उत्तरेकडचा असला तरी या गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या आहेत आणि एकही वाकडी नाही. तू तेव्हा बोर्डिंगात होतीस, म्हणून तुला तो दिवस माहीत नाही. स्लॅब ओतला तेव्हा अर्धं गाव डोक्यावर घमेली घेऊन शिडीवर उभं होतं. बकरा कापला होता. तुझ्या आईनं एवढा भात टाकला की उलथनं बुडालं. तसा दिवस या घरानं पुन्हा पाहिला नाही.

आता वर का, ते ऐक. तुझ्या आजीचे पाय शेवटी जिना चढेनात. अंगणात बसून वर बघायची आणि विचारायची, वर वारा येतो का रे. मी म्हणायचो, येतो. मग म्हणाली, माझी माणसं वर बसव, खाली धुरात बसवू नकोस. मी हो म्हटलं. तेव्हा तिला हसू आलं होतं, ते मी पाहिलंय. त्या होयचं काय करू, सांग.

तू जरूर ये. तुझा तो सुतारपक्षी घेऊन ये आणि हवं तिथं टोचा मार. घर काही पळत नाही. आपल्यात मामाचं घर भाच्यांकडेच जातं, तेव्हा तुझाच माल तू तपासून घे. माझ्या बायकोचे भाऊ हेच तोंड वाकडं करून म्हणतात, मी सरळ म्हणतो.

येताना आक्राची ती जाड बिस्किटं आण. इथली तोंडात विरघळतात, म्हाताऱ्यांसाठी असावीत.

तुझ्यावरचा लोभ वाढता आहे, बिस्किटांवरचाही.
मामा,
याव बारिमा


आक्रा,
१ जुलै १९९६

ती. आईस,
फ्रेमाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये माझ्या शेजारणीनं कोंबड्या माझ्या पायांवर ठेवल्या होत्या, त्यामुळे झोप लागली नाही. लागली नसतीच.

तू पाहिलंस तेवढं सगळ्यांनी पाहिलं. कॉलम चांगले निघाले, स्लॅब चांगला निघाला, आकडे आमच्या ऑफिसच्या इमारतीपेक्षा बरे. मामांनी हातोडी डोक्यावर धरून अंगणात फेरी मारली आणि ढोलवाल्याला म्हणाले की तुझं कातडं यापेक्षा सैल आहे. मीही हसले. त्यांना तसं आनंदात आजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणून तिथं बोलले नाही, इथं लिहिते.

आई, हातोडीला फक्त कातडी कळते. बोटभर आत काय आहे ते तिला ठाऊक नसतं. त्यात उघड्यावरच्या कॉंक्रीटची कातडी हवेनं वर्षागणिक कडक होत जाते. आत पोकळ असलं तरी वरून टणक वाजेल. हे मी मामांना सांगू लागले तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला बकऱ्याच्या दिवसाची गोष्ट पुन्हा सांगितली.

तुझ्या खानावळीवरून जो मोठा बीम जातो, त्याला मधल्या कॉलमपासून हातभर अंतरावर एक तिरकी रेघ आहे. बरोबर तुझ्या मोठ्या पातेल्याच्या डोक्यावर. केसाएवढी. तिथला गिलावा बाकीच्यापेक्षा नवा दिसतो. तो कधी केला? का केला? बीमवरचं सगळं ओझं कॉलमजवळ येऊन खाली उतरतं. रेघ असायची ती सगळ्यांत वाईट जागा आहे.

आमच्याकडे दुसरं यंत्र आहे, आवाजाचं. ते आतलं सांगतं. साहेबांकडे मागितलं आहे. तोवर तू चूल आणि उखळ बाहेर अंगणात ने. कंद कुटून फूफूचा गोळा करताना तो बीम थरथरतो, मी हात लावून पाहिलंय.

रागव, पण चूल हलव. लोभ असावा.
तुझी,
फ्रेमा


आबोमासू,
५ जुलै १९९६

चि. फ्रेमास,
आईचे अ. उ. आ.

चूल अंगणात नेऊ म्हणतेस. पाऊस तू थांबवणार का? गिऱ्हाईक छत्री धरून फूफू खाणार का? काल लाकूडवाल्यांची अख्खी लॉरी जेवायला आली होती. त्यांना मी सांगू, की माझ्या मुलीला बीमची रेघ आवडली नाही, तुम्ही चिखलात बसा?

ती रेघ मला माहीत आहे. गिलावा दर पावसाळ्यात तिथंच गळतो. एकदा खपली सारात पडली आणि शाळामास्तर म्हणाला की आज हाड जरा मऊ लागतंय. याव दर वर्षी लिंपून घेतो आणि म्हणतो की तुझ्या चुलीच्या धगीनं होतं. मी मानलं. धग असतेच.

तुझ्या मामाला चारचौघांत लहान करू नकोस, एवढं माझं ऐक. निमंत्रणं गेली. सगळ्यांना वरच बसवणार म्हणून कळवून झालं. त्याच्या बायकोचे भाऊ त्याच्याकडे डोळे लावून बसलेत, कुठं चुकतोय का. ती माणसं जेवून गेली की भांडी माझ्या हातानं घासावीशी वाटतात, आणि एरवी ते काम मी दुसऱ्यावर सोपवते.

पण रेघेचं तू लिहिल्यापासून मी वर बघते आहे. आधी बघत नव्हते. उखळात मुसळ पडलं की वर बघते. सार ढवळताना वर बघते. काल मीठ दोनदा पडलं. हे तुझं काम.

येत्या बुधवारी यावला गावच्या राजाच्या, नानांच्या वाड्यावर बैठक आहे. नवे नाना बोलायला बसले की सकाळची दुपार होते. यंत्र आणायचं तर तेव्हा आण.

पत्र लिहीत जा. नुसती काळजी पाठवू नकोस, खुशालीही पाठव.
तुझी आई,
सार्पोमा


आक्रा,
१४ जुलै १९९६

ती. याव मामांस,
फ्रेमाचा सा. न. वि. वि.

खानावळीतल्या बीमवर तुम्हाला तेलकट गोल डाग दिसले असतील. ते माझे आहेत. तुम्ही बुधवारी बैठकीला गेला होतात तेव्हा मी येऊन गेले. तुमच्या घरात तुम्ही नसताना यंत्र लावलं हे बरं केलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि नको म्हटल्यावर मला लावता आलं नसतं.

हे यंत्र म्हणजे वायरनं जोडलेल्या दोन डब्या, मुठीत मावतील अशा. एक आवाज सोडते, दुसरी ऐकते. माणसाला ऐकू न येणारा आवाज. डबी कॉंक्रीटला चिकटून बसावी म्हणून मलम लावावं लागतं. माझं संपलं, तर आईनं अंगाला लावायचं शियाच्या बियांचं लोणी दिलं. म्हणून डाग.

कॉंक्रीट सलग असेल तर आवाज सरळ जातो आणि वेळेवर पोचतो. आत भेग असेल तर वळसा घालून येतो, उशिरा. तुमच्या बीमवर मी अंतराअंतरानं डब्या ठेवत गेले. सगळीकडे आवाज वेळेवर आला. फक्त त्या रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक डबी ठेवली की तो उशिरा येतो. फार उशिरा. मी पुसून पुन्हा लावलं. आईनं तोवर उखळ थांबवलं होतं, गिऱ्हाईकं कुरकुरत होती. पुन्हा तेच आलं.

मामा, तुमचा माल वाईट नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचं कॉंक्रीट पक्कं आहे. तुम्ही वाळू धुतली होती हे यंत्रालाही कळलं. पण तो एक बीम नाही. दोन अर्धे बीम तोंडाला तोंड लावून उभे आहेत आणि आतल्या सळयांनी त्यांना धरलं आहे. वर कोकोच्या बिया वाळतात तोवर सळया धरतील. शनिवारी ढोल सुरू झाल्यावर धरतील का, ते मला सांगता येत नाही. नाही धरल्या तर खाली आई असेल.

त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? मध्ये काम थांबलं होतं का? तुम्हाला आठवत असेल ते कळवा. आणि कार्य वर करू नका. मी यापुढे कधी काही मागणार नाही.

लोभ असू द्या. राग आला तरी उत्तर असू द्या.
आपली,
फ्रेमा


आबोमासू,
१९ जुलै १९९६

फ्रेमा,

पत्र पोचलं. डाग आधीच दिसले होते. मला वाटलं, तुझ्या आईनं बीमला अंघोळ घातली.

काम थांबलं नव्हतं. बीमसकट स्लॅब एका दिवसात ओतला. बकरा त्याच दिवशी कापला, लोक त्याच दिवशी जेवले. विचार कोणालाही. आतिंगाला बोलावून विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, मालक म्हणतील तसं. तो फार बोलत नाही, पण त्याचं काम बोलतं.

मी बैठकीत असताना माझ्या घरात यंत्र लावलंस. बायकोचा थोरला भाऊ म्हणाला की काही भाच्या मामा जाईपर्यंत थांबतात, काहींना तेवढी कळ निघत नाही. मी त्याला उठवून बाहेर काढला. पण तो म्हणाला, आणि मी ऐकलं. हे तुझ्यामुळे ऐकावं लागलं.

कार्य वरच होईल. माझ्या आईनं मागितलं होतं. बीमबद्दल मला आता लिहू नकोस.

याव बारिमा


आक्रा,
२१ जुलै १९९६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामांनी मला चिरंजीव लिहिलं नाही. शेवटी आशीर्वादही नाही. मी पत्र उलटून मागं बघितलं.

मला शनिवारची स्वप्नं पडतात. त्यात ढोल वाजत असतात आणि तू खाली भात वाढत असतेस. ऑफिसात कोणी खुर्ची सरकवली तरी मी दचकते. साहेब म्हणाले, सुट्टी घे. मी म्हटलं, तीन ऑगस्टनंतर.

मामा म्हणतात, काम थांबलं नाही. यंत्र म्हणतं, थांबलं होतं. मामा खोटं बोलणार नाहीत आणि यंत्राला खोटं बोलता येत नाही. तू त्या दिवशी स्वयंपाकाला होतीस. तुला काय आठवतं, ते लिही. भाताचं लिही, बकऱ्याचं लिही, काहीही लिही. कोण आधी जेवलं, कोण नंतर, तेही.

ओतेंग उद्या निघेल. तो तुझ्याकडे जेवेल तेवढ्यात लिहून दे.

लोभ असावा. फार भीती वाटते आहे.
तुझी,
फ्रेमा


आबोमासू,
२३ जुलै १९९६

चि. फ्रेमास,
आईचे अ. उ. आ.

ओतेंग जेवतो आहे. तो हळू जेवतो, म्हणून लांब लिहिते.

त्या दिवशी पहाटे चूल पेटवली. भात, शेंगदाण्याचं सार, बकरा. घमेली वाहणाऱ्या बायकांना आधी वाढलं, कारण त्यांचे हात सुटले तर माल सुकतो, असं आतिंगा ओरडत होता. पुरुष नंतर. पुरुषांची पंगत बसली तेवढ्यात दवंडी आली.

हे मोठ्यानं वाचू नकोस. दवंडीवाला म्हणाला, नानांचे पाय दुखतायत, गावानं आवाज करू नये, कोणी शेतावर जाऊ नये, कोणी काम करू नये. मी जुन्या नानांबद्दल म्हणते आहे. पाय दुखतायत म्हटल्यावर आम्हाला सगळ्यांना कळलं. असं कळल्यावर कोणी विचारत नाही. ते आपल्या गावी निघाले एवढंच आपण म्हणतो, आणि तेही पुढं, सांगायचं ठरल्यावर.

शिडीवर जो जिथं होता तिथून खाली उतरला. घमेली पालथी ठेवली. आतिंगा वर एकटाच उभा राहिला. तो इथला नाही, त्याला वाटलं अजून थोडं उरलंय तेवढं टाकू. यावनं त्याला हातानं खाली बोलावलं. बोललासुद्धा नाही. लोक ताटावरून उठले आणि उरलेलं कापडाखाली झाकून घरी घेऊन गेले. त्या दिवसांत गावात मुसळ वाजलं नाही. आम्ही सुरण उकडून खाल्लं.

ओला माल तसाच उघडा पडला होता. कोंबड्या जातील, ऊन लागेल, म्हणून मी मागच्या दारची केळीची पानं तोडून त्यावर घातली, पातेल्यावर घालते तशी. कडेलाही लावली. कोणी सांगितलं नव्हतं. झाकावंसं वाटलं.

सगळं आटोपून बंदी उठली तेव्हा आतिंगानं थोडी माणसं घेऊन उरलेलं ओतलं. जेवण नव्हतं, गावानं अजून सुतकाचं तांबडं नेसलेलं होतं. त्यामुळे तो दिवस कोणाच्या डोक्यातच राहिला नाही. बकरा एकदाच कापला, म्हणून ओतणं एकदाच. यावला विचारलंस तर तो बकऱ्याचाच दिवस सांगणार. तो खोटं बोलत नाही. मीही आत्ता ओतेंगच्या ताटाकडे बघताना आठवलं, की त्या दिवशी अर्धी ताटं भरलेलीच राहिली होती.

यातून तुझ्या यंत्राला काही कळतं का? मला कळतं. शिळ्या फूफूला ताजं चिकटत नाही. कितीही कुटलं तरी सुटं राहतं.

मी यावशी बीमबद्दल बोलणार नाही. तो मला धग सांगेल. आई गेल्यापासून या कुळातली थोरली बाई मी आहे, कार्याचा स्वयंपाक माझा. आज संध्याकाळी सांगून टाकते की चुली मागच्या मोकळ्या जागेत, चर्चच्या बाजूला. जिना चढून पातेली वर न्यायला माझ्या बायका तयार नाहीत. जिथं सार, तिथं माणसं. तो काय करायचं ते करो.

ओतेंग हात धुतो आहे. कापड माझ्याकडे आहे, शिंपिणीकडे टाकलं होतंस त्याच नमुन्याचं आणलं. जेवत जा.
तुझी आई,
सार्पोमा


आबोमासू,
२९ जुलै १९९६

चि. फ्रेमास,
अ. उ. आ.

शुक्रवारी ये. कापड तुझ्या आईकडे आहे.

वर मांडव बांधून झाला होता. आतिंगा काल माझ्याकडे आला आणि उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही. तुझ्या आईनं चुली हलवल्यापासून मला ती अर्ध्यावर उठलेली पंगत दिसत होती, म्हणून मी दवंडीचं विचारलं. तो म्हणाला, मालक, त्या वेळी मी विचारलं होतं, तुम्ही हात केलात. मला आठवला तो हात.

बसायची जागा आल्यावर दिसेल.
मामा


आबोमासू,
१८ ऑगस्ट १९९६

चि. फ्रेमास,
मामाचे अ. उ. आ.

कार्याच्या दिवशी तुझ्याशी बोलायला सवड झाली नाही. सवड होती, बोललो नाही. तू अंगणात उभी राहून सारखी वर बघत होतीस ते मी पाहिलं. तुला वाटलं असेल की मी कोणत्याही क्षणी माणसं वर नेईन. मलाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. वर खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी एकटा जाऊन उभा राहिलो. वारा होता. आतिंगानं खाली टेकू लावलेले होते तरी पाय हलका टाकत होतो, माझ्याच घरात, चोरासारखा.

मग खुर्च्या खाली न्यायला सांगितल्या. एक ठेवली. तिच्यावर आईची तसबीर ठेवली आणि पांढरं कापड बांधलं. वारा तिनं मागितला होता, तिला मिळाला. माणसं खाली बसली, धुरात, आणि सगळा दिवस वर बघत राहिली. नाच खाली झाला. तुझी आई म्हणते की कोणाचं कार्य इतक्या लोकांनी मान वर करून केलं नसेल. ढोलवाल्याची मान अजून दुखते. मी त्याला शियाचं लोणी लावायला सांगितलं.

आता पुढचं. परवा आतिंगानं त्या रेघेवर छिन्नी लावली. मला वाटलं, फोडायला दिवस जाईल. थोडं ठोकलं आणि ते उघडलं. तुटलं नाही, उघडलं. जसं काही ते कधी मिटलंच नव्हतं. मध्ये सळया दिसत होत्या, तांबूस झालेल्या. बाकी काही त्याला धरून नव्हतं.

आणि तोंडावर पान होतं. पान कधीच गेलं, त्याचा ठसा. मधली दांडी, दोन्ही बाजूंच्या शिरा, एका कडेला फाटलेलं. हाताच्या तळव्यासारखं स्पष्ट. तुझी आई चुलीवरून उठून आली, बघितलं, आणि म्हणाली, हे माझं. मागच्या दारच्या केळीचं, ती केळ अशीच वाऱ्यानं फाटायची. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती म्हणाली, मी झाकलं रे, चांगलं म्हणून झाकलं. मी म्हटलं, तू झाकलंस आणि मी थांबवलं, आणि दोघांनी बरोबरच केलं. नाना गेले असताना मी घमेलं चालू ठेवलं असतं तर या गावात राहिलो नसतो. पण नंतर कोणी तिथं पुन्हा पाहिलं नाही.

आतिंगा म्हणाला, कदाचित पडलाही नसता. मी पालथ्या घमेल्यावर बसलो होतो. म्हटलं, त्या कदाचितवर मी आईची माणसं बसवणार होतो. आणि खाली बहिणीला.

बायकोचे भाऊ आले होते. थोरला म्हणाला, पोरीनं शेवटी घर फोडायला लावलंच. मी तो तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हणाला, पान छान उठलंय.

नवा बीम पाऊस ओसरला की ओतायचा. मी वाड्यावर जाऊन नानांची प्रकृती विचारून आलो. त्यांच्या वतीनं बोलणारा दुभाषी संशयानं बघायला लागला, की हा का विचारतो. त्याला सगळं सांगावं लागलं. नानांनी निरोप दिला आहे की ते ठणठणीत आहेत, आणि तुझ्या मामाचा बीम होईपर्यंत कुठेही जाणार नाहीत. तुझ्या आईनंही जाहीर केलं आहे की या वेळी शेवटचं घमेलं पडल्याशिवाय ताट वाढणार नाही, मग बायका असोत की पुरुष, की खुद्द नाना.

तू तुझी दोन्ही यंत्रं घेऊन ये. मी घरात असताना ये. ती डबी बीमला लावलीस की दुसरी मी धरीन.

तुकडा ओतेंगबरोबर पाठवतो आहे. जड आहे म्हणून त्यानं दोन जेवणं मागितली. बिस्किटं संपली.

माझा लोभ होता तिथंच आहे. मध्ये जो खंड पडला तो मनात धरू नकोस.
तुझा मामा,
याव बारिमा


आक्रा,
२६ ऑगस्ट १९९६

ती. याव मामांस,
फ्रेमाचा सा. न. वि. वि.

तुकडा पोचला. ओतेंगनं तो आपल्या सीटखाली ठेवला होता आणि प्रत्येक थांब्यावर लोकांना दाखवत आला. आता तो माझ्या टेबलावर आहे. ऑफिसातले येऊन बोट फिरवतात. साहेबांनी विचारलं, कुठल्या खाणीतला. मी म्हटलं, आमच्या खानावळीतला.

आज त्याला वाळूत घट्ट बसवून हातोडी मारली. नीट मारली, सगळीकडून. कॉंक्रीट पक्कं आहे, मामा. आतिंगा मास्टरना सांगा. पानावर मात्र मारली नाही.

घरमालकिणीला शिंपिणीच्या घरच्यांचा पत्ता विचारला होता. तिची बहीण याच गल्लीत राहते असं कळलं. माझं कापड सापडलं म्हणे, धुऊन ठेवलंय. उद्या आणायला जाईन.

आईला सांगा, चूल आत नेली तरी चालेल, पण टेकू काढेपर्यंत उखळ बाहेरच. ती ऐकणार नाही. तरी सांगा.

बिस्किटं बांधून ठेवली आहेत. दिवस कळवा, मी येते. लोभ आहे तसा राहो.
आपली भाची,
फ्रेमा